राहिलेलं भाषण

त्या संध्याकाळी हेस्टर फेअरली निघाली होती ती फक्त वडिलांचं ताट पोचवायला. ताटात भाजलेल्या मटणाचा एक तुकडा, दोन उकडलेले बटाटे, वर झाकण. हे काम खरं तर नोकराचं. पण नोकराला खोकला झाला होता, आणि खोकणारा माणूस बाळाच्या मजल्यावर फिरकता कामा नये असं फर्मान तिने सकाळीच काढलं होतं. फर्मान काढून झाल्यावर तिला वाटलं, आपण जरा जास्तच करतो आहोत. मग वाटलं, नाही. मग पुन्हा वाटलं, हो. अशा बाईने शेवटी ताट स्वतःच उचलावं हे बरं.

तिचे वडील सर अँब्रोज केंडल हे पार्लमेंटचे सभापती. हेस्टर परकरी पोर होती तेव्हा सदस्यांनी त्यांना चालीप्रमाणे दोन्ही दंडांना धरून ओढत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. ओढून नेताना नव्या सभापतींनी 'नको, नको' म्हणायचं, हीही चालच. बाकीचे सभापती तोंडदेखलं म्हणत. अँब्रोज केंडल मनापासून म्हणाले होते, असं त्यांची बायको मरेपर्यंत सांगायची.

नदीच्या अंगाला, पार्लमेंट भरे त्या जुन्या राजवाड्याला चिकटूनच सभापतींचं घर होतं. हेस्टरचा नवरा, कॅप्टन फेअरली, जहाजावर. आई गेलेली. म्हणून बाळंतपणापासून ती इथेच राहत होती. बाळ वर्षाचं व्हायला आलं होतं. दात आले होते, रांगत होतं, हसतही होतं. पण तोंडातून आवाज नाही. रडायचं तेसुद्धा डोळ्यांतून. डॉक्टरांनी आयांसाठी लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक हेस्टरच्या उशाशी असे. त्यात म्हटलं होतं की या वयात मूल दोन-चार अक्षरं जुळवतं. पुस्तक लिहिणाऱ्याने कधी तान्हं मूल मांडीवर घेतलं असेल असं वाटत नव्हतं. तरी ती रोज ते पान काढून बघायची, जणू मजकूर रात्रीतून बदलला असेल.

बाळाचं नाव सेल्विन. आजोबांनीच हट्ट धरून ठेवलेलं. जोसाया सेल्विन हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र, उत्तरेकडच्या कोळशाच्या मुलखातून निवडून येणारे. बाळाच्या जन्माच्या थोडं आधी ते वारले. दोस्ताचं आडनाव नातवाला नाव म्हणून द्यायचं, हे त्या लोकांत सर्रास चालायचं. पण हट्टाने नाव ठेवणारे आजोबा त्या नावाने पोराला एकदाही हाक मारत नव्हते. "बेडूक" म्हणत, "लबाड" म्हणत, "छोटे सरकार" म्हणत.

त्याच सकाळी न्याहारीला ती म्हणाली होती, "बाबा, पुस्तकात लिहिलंय, मुलाला नावाने हाक मारत राहावं. म्हणजे ते लवकर बोलतं."

"डोर्कस मारते की हाका. दिवसभर." डोर्कस म्हणजे बाळाची दाई.

"तुमची गोष्ट वेगळी. अख्खं सभागृह तुमच्या पुकाऱ्याची वाट बघतं. तुम्ही नाव घेतल्याशिवाय तिथे कुणाला तोंड उघडता येत नाही. माझं पोरही तसंच अडून बसलं असेल."

ती हसली. सर अँब्रोज हसले नाहीत. त्यांनी अंडं फोडलं, आणि मग न खाताच उठून गेले.

तर ताट. सभापतींच्या खुर्चीमागे एक लहानशी खोली होती. तिथे ते झग्यासकट, केसांच्या टोपासकट बसून घाईघाईने जेवत. हेस्टरने ताट ठेवलं. त्यांचे डोळे लाल होते.

"धुकं आत शिरलंय," ते म्हणाले. "जा तू. पोराजवळ बस."

ती गेली नाही. आलोच आहोत तर जरा बघू, असं तिला वाटलं. बायकांना सभागृहात पाऊल टाकायला बंदी होती. पण छताच्या पोटमाळ्यात, मोठ्या झुंबराच्या बरोबर वर, मेणबत्त्यांची धग बाहेर जावी म्हणून एक लाकडी धुराडं केलेलं होतं. त्याच्या भोकांना डोळे लावून सदस्यांच्या बायका, बहिणी, मुली खाली बघत. वर धूर यायचा, गरम मेणाचा वास यायचा, दीडशे पुरुषांच्या ओल्या लोकरी कपड्यांचा वास यायचा. माणसं दिसायची ती फक्त टाळूकडून. हेस्टर लहानपणापासून त्या भोकांशी बसत आलेली. अर्ध्या देशाचा कारभार तिने टकलांवरून ओळखला होता.

त्या दिवशी माळ्यावर तिच्याखेरीज कुणी नव्हतं. खाली धुकं कमरेएवढं साचलं होतं, मेणबत्त्यांभोवती पिवळी कडी धरली होती. कुणीतरी जकातीवर बोलत होतं. भाषण संपलं की पाच-सहा जण डोक्यावरची टोपी काढून उभे राहत, सभापतींची नजर आपल्यावर पडावी म्हणून. नजर पडली, नाव पुकारलं गेलं, की तो एक बोलणार. बाकीच्यांनी खाली बसायचं.

दर वेळी एक जण सगळ्यांच्या मागच्या बाकावरून उठत होता. सावकाश. डावा हात कमरेवर दाबून. पुकारा दुसऱ्याचाच झाला की तेवढ्याच सावकाश बसत होता. शेजारचे सदस्य त्याला जागा देत नव्हते, की त्याच्याकडे बघतही नव्हते. एकाने तर आपली टोपी नेमकी तो बसला होता तिथेच ठेवली.

कोण हा उद्धट, असं मनात येतंय तोच त्या माणसाने मान खाली घातली, आणि हेस्टरला त्याची टाळू दिसली. टक्कल, मधोमध बोट मावेल एवढा खोलगा.

त्या खोलग्यात तिने लहानपणी बोट घातलं होतं. त्या टकलावर तिने दोन्ही हातांनी ढोल वाजवला होता. सेल्विनकाका तिला खांद्यावर घेऊन बागेत फिरत, बडीशेपेच्या गोळ्या चघळत, आणि म्हणत, "सावकाश वाजव गं बाई, आत मेंदू आहे."

धुराड्यातून गरम हवेचा एक झोत वर आला. त्याला बडीशेपेचा वास होता.

ती जिना कशी उतरली ते तिला आठवत नव्हतं. बाळ झोपलं होतं. तिने त्याच्या नाकाशी बोट धरलं, श्वास बघितला, पुन्हा बघितला. झोप नाही पुरेशी, ती स्वतःला म्हणाली. झोप नसलेल्या आयांना काहीबाही दिसतं. पुस्तकात हेही लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी धुकं आणखी दाटलं. भर दुपारी दिवे लावावे लागले. सर अँब्रोज अभ्यासिकेत शेकोटीशी बसले होते. हेस्टर बाळाला घेऊन गेली आणि सरळ विचारलं.

"बाबा, काल मागच्या बाकावर कोण उभं होतं?"

त्यांच्या हातातला चिमटा कोळशात तसाच राहिला. ते म्हणाले, "तू माळ्यावर गेली होतीस."

"तुम्हाला... दिसतात ते?"

"पोरी, त्या सभागृहात मला फक्त तोच दिसतो. बाकीच्यांना मी शोधून काढतो."

हेस्टरला ती संध्याकाळ आठवली. तेव्हा ती पोटुशी होती, तरी माळ्यावर चढली होती. सेल्विनकाकांच्या मुलखात एका खाणीत नदीचं पाणी शिरलं होतं. आत माणसं होती, आणि बोगद्यातले हवेचे दरवाजे उघडझाप करायला ठेवलेली लहान-लहान पोरं होती. काकांना त्यावर बोलायचं होतं. ते कितीदा तरी उठले, पण बाबांची नजर प्रत्येक वेळी त्यांच्या डोक्यावरून सरकून गेली. मंत्र्यांना मतदान लवकर उरकून हवं होतं, एवढं तर माळ्यावरच्या बायकांनाही कळत होतं. मतदान उरकलं. सभा उठली की विचारायचं तसं दारवानांनी ओरडून विचारलं, "घरी कोण निघालंय?" सगळे निघाले. सेल्विनकाका बाकावर बसूनच राहिले. सकाळी झाडायला आलेल्या बाईने त्यांना हलवलं तेव्हा ते गार होते.

"तो मला दिसला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं," सर अँब्रोज म्हणाले. "मग तुझं पोर झालं. वाटलं, त्याचं नाव देऊ, थोडी फेड होईल. बाप्तिस्मा झाला आणि दुसऱ्याच दिवशी तो बाकावर उभा. फेड कसली? मीच त्याला दार उघडून दिलं."

"मग एकदा पुकारा त्यांना. काय बोलायचं ते बोलून जाऊ देत."

"कुणाच्या तोंडून बोलेल, हेस्टर?"

बाळ तिच्या मांडीवर बसलं होतं. शांत. आजोबांच्या खांद्यामागे, शेकोटीच्या पलीकडच्या अंधाराकडे टक लावून. हेस्टरने त्याचं तोंड आपल्या छातीशी वळवलं. त्याच्या केसांना बडीशेपेचा वास येत होता.

"म्हणून मी त्याला नावाने हाक मारत नाही," सर अँब्रोज हळूच म्हणाले. "नाताळला मी राजीनामा देतोय. खुर्ची सोडली की मी कुणीच नाही, माझ्या हाकेत काही दम राहणार नाही. मग दिवसभर सेल्... मग दिवसभर त्याचं नाव घेईन. तेवढे दिवस काढ." मग तिचा चेहरा बघून त्यांनी जरा हसण्याचा प्रयत्न केला. "खुर्चीसुद्धा घरी येईल. जुनी चालच आहे, मावळत्या सभापतीने खुर्ची घेऊन जायची. परसात ठेवू. कोंबड्या बसतील तिच्यात."

हेस्टर हसली, कारण वडील हसावं म्हणून बोलले होते.

त्यानंतरचे दिवस तिने बाळाला कडेवरून खाली ठेवलंच नाही म्हटलं तरी चालेल. डोर्कस कुरकुरली. "बाईसाहेब, अशाने पोराला पाय फुटायचे नाहीत. आमच्याकडे गाई वासरालासुद्धा इतकं चाटत नाहीत." हेस्टरला ते पटलं. तिला सगळ्यांचंच पटायचं, ही तिची अडचण होती. एका दुपारी तिने बाळाला डोर्कसपाशी ठेवलं आणि वडिलांना झगा चढवायला मदत करायला खाली गेली. सभा भरायची वेळ झाली होती.

जिन्याखालच्या दालनात दिवे लागलेले, तरी जिन्याचं वरचं टोक धुक्यात बुडालं होतं. सर अँब्रोजनी टोप चढवला, काळा सोनेरी झगा सावरला. दारापाशी जायला ते वळले आणि वर बघून थबकले.

वर, पहिल्या पायरीच्या अगदी कडेला, बाळ. दार उघडं टाकून डोर्कस कोळसा आणायला गेली असणार. बाळाचा एक हात पायरीवर, दुसरा हवेत, खाली काय आहे ते चाचपत.

हेस्टर धावली. पण जिना उंच होता, दगडी होता, आणि तिचा पाय तिच्याच घेरदार पोशाखात अडकला. तिच्या पाठीमागून आवाज आला. वडिलांचा नव्हे, सभापतींचा. सगळं सभागृह गप्प करणारा.

"सेल्विन!"

बाळ थांबलं. हात मागे घेतला.

आणि मग ते उभं राहिलं. आजवर कशाचा आधार धरूनही न उभं राहिलेलं मूल कठड्याला हात न लावता सरळ उभं राहिलं. सावकाश. डावा हात कमरेवर दाबून.

त्याने तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. तोंड उघडंच राहिलं, छाती हलेना. ओठ जांभळे पडू लागले, मग गाल. हेस्टर पायरीवर गुडघ्यांवर होती, आणि त्या एका क्षणात तिला घरातलं जुनं जेवणाचं टेबल आठवलं. बाबा उभे राहिले की मुलांनी गप्प बसायचं. सभागृहातलाच नियम होता तो, घरात थट्टेने आणलेला. सभापती उभे असेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

सर अँब्रोज उभे होते. ताठ. मुठी वळून. त्यांनाही कळलं होतं. म्हणूनच ते उभे होते.

"बाबा... बसा."

"नाही, हेस्टर."

"त्याचा श्वास अडकलाय, बाबा! बसा खाली!"

"तो बोलेल..."

"बोलू दे! बसा म्हणते ना!"

झग्यासकट, टोपासकट, जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर म्हातारा बसला.

बाळाने श्वास घेतला. मोठा, घरघरता. आणि वरून, धुक्यातून, उत्तरेकडच्या ठसक्यातला एक थकलेला पुरुषी आवाज आला.

"सभापती महोदय. उशिरा का होईना, आपली नजर माझ्याकडे वळली. आभारी आहे."

मग तो आवाज खाणीबद्दल बोलू लागला. राग नव्हता त्यात. दिव्यांच्या वाती कशा एकेक विझल्या ते सांगितलं. दरवाज्यापाशी बसवलेली पोरं, दरवाजा सोडायचा नाही असं बजावलेलं म्हणून, पाणी गळ्याशी येईपर्यंत कशी बसून राहिली ते सांगितलं. मग तो त्यांची नावं घेऊ लागला. एकेक नाव, वय, बापाचं नाव. प्रत्येक नावाबरोबर बाळाचा चिमुकला गळा फुगत होता, त्यावरची शीर तटतटत होती, आणि आता ओठांच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं. लाळ नव्हे. काळं पाणी.

हेस्टर पायऱ्या चढत होती. जिना संपत नव्हता.

"बाबा, थांबवा! तुमच्या हातात आहे!"

"आजचं..." सर अँब्रोजचा आवाज फुटला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "आजचं कामकाज इथेच तहकूब करण्यात येत आहे."

वरचा आवाज एका नावाच्या मध्यात तुटला. बाळ मटकन खाली बसलं. हेस्टरने त्याला उचललं तेव्हा ते ओठ हलवून रडत होतं. आवाज नव्हता. डोळ्यांतून घळाघळा पाणी, साधं, खारट.

ती खाली आली. वडील अजून पायरीवरच होते.

"संपलं ना, बाबा?"

"तहकूब झालं," ते म्हणाले. जमिनीकडे बघत त्यांनी पुढचं सांगितलं. "ज्याचं भाषण अर्धं राहतं, पुढच्या वेळी पहिला हक्क त्याचा असतो. पण आता पुढची वेळ नाही. खुर्चीतून त्याला पुकारणारं कुणी उरणार नाही."

नाताळला त्यांनी पद सोडलं. सभागृहाने उभं राहून त्यांचा गौरव केला. त्यांची नजर सर्वांवर सारखी असे, असं एकाने भाषणात म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ते वाक्य छापलं. राजाने त्यांना लॉर्ड केलं. हेस्टरला आणि बाळाला घेऊन ते गावी परतले, खुर्चीही चालीप्रमाणे बैलगाडीतून मागोमाग आली. वसंतात ते गेले. शेवटपर्यंत त्यांनी नातवाला बेडूकच म्हटलं. धोका नको म्हणून.

खुर्चीत कोंबड्या बसल्या नाहीत. हेस्टरने ती मागच्या खोलीत ठेवून चादर टाकली आणि कुलूप लावलं. जाळून टाकावी असं कितीदा मनात आलं. पण थोरामोठ्यांची वस्तू, गावातले लोक काय म्हणतील? आणि का जाळली, असं कुणी विचारलं तर सांगायचं काय? नवऱ्याला तिने पत्रांतून सगळं लिहिलं, बाळाचे दात, पडसं, डोर्कसची कुरकुर. एवढं एक सोडून. समुद्रावरच्या माणसाला उगाच वाटायचं, बायकोचं डोकं फिरलं.

सेल्विन चार वर्षांचा झाला. गोरा, गुबगुबीत, हसरा. धावायचा, झाडावर चढायचा, कुत्र्याशी कुस्ती खेळायचा. बोलायचा मात्र नाही. डॉक्टर म्हणत, धीर धरा. आताशा हेस्टर पुस्तक उघडत नव्हती. न बोलणारं मूलही चांगलंच असतं, असं तिने स्वतःला पटवलं होतं. अगदी पटलंही होतं.

जूनमध्ये कॅप्टन फेअरली घरी आला. उन्हाने रापलेला, मोठ्या आवाजाचा, आनंदी माणूस. आल्या आल्या त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. "हे काय, जहाजाच्या तळघरासारखं! हवा येऊ दे, हेस्टी!" त्याचं बरोबर आहे, असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात स्ट्रॉबेऱ्या निवडत होती. बाहेर लख्ख ऊन होतं, कुठेतरी गवत कापल्याचा वास येत होता. तिने सवयीने कमरेला हात लावला. किल्ल्यांचा जुडगा नव्हता.

मागच्या बाजूने नवऱ्याचं हसणं ऐकू आलं.

ती धावली. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. चादर जमिनीवर पडली होती. खुर्चीत पाय पसरून कॅप्टन फेअरली बसला होता, डोक्यावर धुतलेला पंचा, टोपासारखा दोन्ही कानांवरून सोडलेला. पोराला हसवायचं म्हणून. समोर, उन्हाच्या पट्ट्यात, जमिनीवर मुलगा बसला होता.

"शांतता! शांतता!" कॅप्टन खुर्चीचा हात ठोकत म्हणाला. "आता बोलतील आमचे माननीय सदस्य..."

"नको—" हेस्टरने तोंड उघडलं.

"...सेल्विन!"

मुलगा उठला. सावकाश. डावा हात कमरेवर दाबून.

"अरे वा! बघ, बघ हेस्टी, कसा उभा राहिलाय लबाड!"

"तर सभापती महोदय," मुलगा म्हणाला, त्या थकलेल्या, उत्तरेकडच्या आवाजात, "मी नावं सांगत होतो." त्याने मान वळवून दारातल्या आईकडे पाहिलं, ओळखीचं, मायेने, लहानपणी खांद्यावर घेतलेल्या मुलीकडे पाहावं तसं.

"आता एकच राहिलंय. वय वर्षं चार."